तांबडी माती, रंकाळ्याचं पाणी

जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल फोटोत खोटा दिसतो. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत येतात, ‘चांगभलं’चा गजर उठतो, आणि हवा, पायऱ्या, शिखरं, माणसांच्या भुवया सगळं एकाच रंगात न्हाऊन निघतं. तो फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर उघडावा तर गुलालाच्या जागी एक सपाट डाग. मूठ उधळली गेल्याचा आकार नाही, भुकटीचा पोत नाही. कारण साधं आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो. गुलालासारख्या तीव्र रंगात लाल चॅनल कमाल पातळीला जाऊन अडतो, हिरवा जवळजवळ रिकामा राहतो, आणि ज्या बारीक चढउतारांवरून डोळ्याला ‘ही भुकटी आहे’ असं कळतं ते नोंदलेच जात नाहीत. यात्रेला कधी न आलेला माणूस तो फोटो बघून हमखास म्हणतो, ‘रंग वाढवलेत.’ खरं तर त्यातल्या एकाही पिक्सेलला कुणी हात लावलेला नसतो.

म्हणून यात्रेत मी मुद्दाम फोटो अंधारा काढतो. लाल चॅनल काठोकाठ भरू देत नाही, आणि नंतर गुलालाचा रंग थोडा उतरवून त्यातला उजेड-अंधार वर आणतो. रंग कमी केला की गुलाल परत गुलालासारखा दिसायला लागतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कॅमेऱ्याने मोजलेलं आणि बघणाऱ्याला पटणारं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मला गुलालाने शिकवलं. कंपोझिट, म्हणजे अनेक फोटो जोडून एक चित्र, करताना तर या तिन्हींचा हिशेब रोज मांडावा लागतो.

मी जोडून चित्रं करतो. एका ठिकाणचा माणूस, दुसऱ्या ठिकाणचं आभाळ, तिसरीकडची भिंत, आणि या सगळ्यांतून एकच जागा उभी करायची, जी नकाशावर नाही पण बघणाऱ्याला ओळखीची वाटावी. लग्नाच्या करिश्मा अल्बममध्ये हेच काम ‘मिक्सिंग’ या नावाने चालतं आणि कोल्हापुरात ते करणारे हात फार वेगवान आहेत. पेन टूलने नवरीच्या नथीची कड दोन मिनिटांत सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत. तरीही त्यातली बरीच पानं कापून चिकटवल्यासारखी का दिसतात, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं सोडत नाही. कड तर अचूक असते. मग बिघडतं कुठे?

माझं उत्तर असं की आपण आधी रंग जुळवायला जातो आणि उजेड मागे राहतो. व्हायला हवं ते बरोबर उलटं. उजेड जुळला असेल तर रंगाला भरपूर मोकळीक देता येते. उजेडच जुळला नसेल तर रंगाची कितीही कारागिरी चित्राला वाचवत नाही. हे नीट सांगायचं तर आपल्याच गावातून सुरुवात करावी लागेल.

कोल्हापूरने कंपोझिट संगणकाच्या फार आधी पाहिलं आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडदा म्हणजे काय? रंगवलेला महाल, रंगवलेलं अरण्य, आणि त्याच्यापुढे हाडामांसाचा नट. नटावर रंगमंचाचा दिवा, पडद्यावर चित्रकाराने ठरवलेला उजेड. हे दोन उजेड एकमेकांशी भांडले की प्रेक्षकाला कापड दिसतं, जमले की अरण्य दिसतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि पडद्याची तीच नजर घेऊन ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले. रंगच नसलेल्या त्या मूकपटांच्या काळात त्यांच्या हाताशी होता फक्त उजेड आणि अंधार. कंपोझिट शिकू पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

बाहेरच्या जगातही जोडकाम फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या उजेडाला इतक्या हळव्या होत्या की पाणी नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जाई. तेव्हा पाण्याची काच वेगळी, आभाळाची वेगळी, आणि छापताना क्षितिजावर दोन्हींची सांधणी. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र छापलं आणि त्यावर मोठा वाद झाला. आपल्याकडे नाथद्वाऱ्याला तर हवेलीतल्या पूजेची चित्रं हाताने रंगवून त्यात यजमानांचे चेहरे फोटोतून कापून चिकटवत. अंग रंगवलेलं, चेहरा कॅमेऱ्याचा. आणि ती चित्रं आजही विश्वासार्ह वाटतात, कारण फोटोच्या चेहऱ्यावरही ब्रश फिरवून चित्रकार त्याला बाकीच्या चित्राच्या उजेडात आणून बसवत असे.

टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात माझी पावलं अधूनमधून वळतात ती आबालाल रहिमान यांच्यासाठी. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते परत आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि हाच परिसर रंगवत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रासमोर उभं राहिलं की आधी दिवसाची वेळ कळते, मग झाड कळतं, आणि झाडाचा रंग सगळ्यात शेवटी. चित्रकलेचे शिक्षक मुलांना डोळे किलकिले करून बघायला सांगतात ते याचसाठी. डोळे अर्धे मिटले की तपशील आणि रंग मागे सरतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. मी स्क्रीनवर तेच करतो. सगळ्या लेयरच्या वर एक कृष्णधवल लेयर ठेवतो आणि कितीतरी वेळ त्यातच काम करतो. माणूस आणि मागची जागा करड्यात एकजीव होईपर्यंत रंगाचं तोंड बघत नाही.

यामागे शास्त्रही आहे. पॅट्रिक कॅव्हानाह या दृष्टीसंशोधकाने २००५ मध्ये लिहिलं होतं की चित्रकार शतकानुशतकं स्वतःचं वेगळंच भौतिकशास्त्र वापरत आले आहेत, आणि बघणाऱ्याचा मेंदू ते तक्रारीविना स्वीकारतो. सावलीचा रंग चुकला तरी चालतं, आकारही थोडा चुकला तरी चालतं. पण सावली तिच्या शेजारच्या पृष्ठभागापेक्षा गडदच असावी लागते. ती अट मोडली की सावली सावली राहत नाही, डाग होते. आन्री मातीसने १९०५ मध्ये आपल्या बायकोच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा ओढला. तरीही चेहरा चेहराच राहतो, कारण त्या पट्ट्याच्या दोन बाजूंना उजेड आणि छाया आपापल्या जागी आहेत. रंगाने एवढं स्वातंत्र्य घेतलं ते उजेडाच्या जिवावर.

त्याच वर्षी यूरी ऑस्ट्रॉव्स्की, कॅव्हानाह आणि पवन सिन्हा यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चित्रातल्या एका वस्तूवर उजेड भलत्याच बाजूने पडत असेल तर ते ओळखायला लोकांना बराच वेळ लागतो, कित्येकदा ओळखताच येत नाही. हे वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात: कुणाला कळणारच नसेल तर कशाला जिवाचा आटापिटा? मी वेगळा अर्थ घेतो. दोष बोटाने दाखवता आला नाही तरी ‘काहीतरी खटकतंय’ हे लोक बोलून दाखवतात, हे मी प्रत्येक प्रदर्शनात ऐकलं आहे. नेमकं काय ते सांगता येत नाही, म्हणून बिचाऱ्या रंगावर खापर फुटतं. ‘रंग जरा जास्त झालेत’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा सावल्या तपासतो.

आता एका चित्राबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे सगळं त्यातच नीट दिसतं.

गावातल्या एका जुन्या तालमीत एक वस्ताद आहेत. वय झालंय, पण पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, खणायला अजून स्वतः उभे राहतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचं मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमींनी त्या मैदानाला मल्ल पुरवले. आता बऱ्याचशा स्पर्धा मॅटवर होतात आणि पोरं सरावही मॅटवर मागतात. वस्तादांना त्याबद्दल राग नाही, पण मातीबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलतो. तांबडी माती चाळायची, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालायचा, ती मळायची, रोज खणून मोकळी ठेवायची. मला त्यांचं चित्र करायचं होतं ते असं: हौद्याच्या कडेला वस्ताद बसलेत, अंगाला माती, आणि जिथे हौदा संपतो तिथेच रंकाळ्याचं पाणी सुरू होतं. पलीकडे संध्यामठ, तळ्यातली जुनी दगडी वास्तू. तालमीची भिंत नाहीच. ज्या मातीत माणूस घडला ती आणि ज्या तळ्याकाठी गाव मोठं झालं ते, दोन्ही एकमेकांना टेकलेली.

तालमीत उजेड येतो तो उंचावरच्या एका लहान खिडकीतून, डावीकडून. तो थंड असतो आणि मऊ असतो, कारण खिडकीतून सूर्य दिसत नाही, फक्त आभाळ दिसतं. वस्तादांच्या गालावर, खांद्यावर, फुटलेल्या कानाच्या कडेवर तो असा पसरतो की सावलीला कुठे धार येत नाही. रंकाळा म्हटलं की हात सवयीने सूर्यास्ताकडे जातो. केशरी गोळा, पाण्यावर सोनेरी पट्टा. तसे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत आणि त्यांतला एकही या चित्राला चालणारा नव्हता. मावळता सूर्य दिसतोय आणि माणसाच्या अंगावर मात्र धार नसलेला मऊ उजेड, हे कुठल्याही कलर करेक्शनने जुळत नाही. अंगावर केशरी फिल्टर ओढून ते जुळवायचा प्रयत्न सगळीकडे दिसतो. त्यात माणूस उजळत नाही, रंगवल्यासारखा होतो.

तेव्हा मागचं दृश्य माणसाच्या उजेडावरून ठरवलं. सूर्य बुडून गेल्यावर पश्चिमेचं आभाळ थोडा वेळ स्वतःच एक प्रचंड खिडकी होतं. त्या वेळी पडणारा उजेड एका बाजूने येतो पण कठोर नसतो. तालमीच्या खिडकीचा स्वभाव अगदी तोच. मग रंकाळ्याकाठी अशी जागा शोधली की तो उजळ भाग माझ्या डावीकडे राहील आणि कॅमेरा तालमीत होता तेवढ्याच उंचीवर लावला. ही उंचीची गोष्ट फार जण सोडून देतात. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. कॅमेरा बसल्या माणसाच्या छातीशी असेल तर क्षितिजही त्याच्या छातीतूनच गेलं पाहिजे. माणूस वरून टिपलेला आणि तळं बसून टिपलेलं असेल, तर तो तळ्याकाठी बसत नाही, तळ्यावर तरंगतो.

सावलीचंही असंच. आपल्याला सूर्य आभाळात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उन्हातल्या सावलीचीही कड पूर्ण धारदार नसते; सावली टाकणारी वस्तू पृष्ठभागापासून एक मीटर दूर गेली की कड जवळजवळ एक सेंटिमीटर विरते. पायाशी रेखीव, डोक्याशी पुसट. आणि सूर्य बुडाल्यावर तर सावली उरते ती फक्त जिथे अंग जमिनीला टेकतं तिथे, गडद आणि चिंचोळी. वस्तादांच्या मांडीखाली, तळपायाच्या कडेला, टेकवलेल्या तळहाताखाली ती टेकणीची सावली मी सगळ्यात जास्त वेळ रंगवली. हाताएवढी जागा आहे, पण माणसाचं वजन तिथेच कळतं.

मग काळा रंग. तालमीतल्या फोटोत वस्तादांच्या लंगोटाच्या घडीतला काळा अगदी खोल होता. रंकाळ्याच्या फोटोत पलीकडची झाडं धुरकट, निळसर करडी, कारण मधल्या हवेने त्यांच्यावर आपला उजेड घातलेला. जवळचा काळा खोल, लांबचा काळा फिकट, ही उतरंड बरोबर लागली की पाणी आपोआप लांब जातं. शेवटी दाणा, म्हणजे फोटोतली बारीक खरखर. तालमीच्या अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागल्याने तो फोटो खरखरीत, तळ्याचा ट्रायपॉडवर काढलेला गुळगुळीत. मी तालमीचा फोटो घासूनपुसून गुळगुळीत केला नाही. सगळं काम संपल्यावर अख्ख्या चित्रावर एकच दाणा टाकला. स्वच्छता ओढून आणण्यापेक्षा थोडी खरखर सगळ्यांना वाटून दिलेली बरी.

करड्या लेयरखाली आता ते एक चित्र होतं. तो लेयर काढला. रंग मोजून मापून बरोबर होते. प्रिंट काढून तालमीत घेऊन गेलो.

वस्तादांनी चित्र उंबऱ्याशी उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

“मी हाय खरा,” ते म्हणाले. “रंकाळाबी हाय. पर माती मेल्यावानी झालीया बग.”

“वस्ताद, कॅमेऱ्यात आली तशीच ठेवलीय. काही केलेलं नाही.”

“कॅमेऱ्याचं मला नगो सांगू. पन्नास वरसं ह्याच मातीत लोळलोय. खणून झाल्यावर, तेल-ताक मुरल्यावर ती लाल कशी दिसती ते मला ठावं. ह्यात ती दिसंना.”

त्यांचं म्हणणं मी डोक्यावर घेऊन आलो. सी. जे. बार्टलसन या संशोधकाने १९६० मध्येच दाखवलं होतं की गवत, वाळू, वीट अशा ओळखीच्या गोष्टींचे रंग माणसांना जसे असतात तसे आठवत नाहीत; बहुतेक ते आठवणीत अधिक गहिरे होतात. यंत्राने मोजलेली माती आणि वस्तादांची माती यांत अंतर पडणारच होतं. आणि माझं चित्र वस्तादांच्या मातीचं होतं. त्यात आठवण खोटी धरून मोजमाप खरं धरलं, तर ते चित्र कशासाठी करायचं?

पण माती नुसती लाल करून चालणार नव्हतं, कारण वेळ कातरवेळेची. उजेड मंदावला की आपला डोळा रंग वेगळ्या तऱ्हेने बघायला लागतो. दिवसा काम करणाऱ्या पेशी ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळसर हिरव्याला सर्वाधिक दाद देतात. अंधारात काम करणाऱ्या पेशी ५०७च्या आसपास, निळसर हिरव्याला. त्यामुळे सांज झाली की लाल फूल काळवंडतं आणि पानं उजळ वाटू लागतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवलं. म्हणजे त्या संधिप्रकाशात झगझगीत लाल माती दाखवली असती तर संध्याकाळच मोडली असती. वस्तादांची माती हवी होती, आणि संध्याकाळही हवी होती.

उपाय १८३९ सालचा निघाला. मिशेल शेव्ह्रल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाईचं काम बघत असे. अमुक रंगाचं सूत फिकं पडतंय अशा तक्रारी त्याने तपासल्या आणि दोष सुतात नसून शेजारच्या रंगात आहे असं त्याच्या लक्षात आलं. शेजारी कोण बसलंय यावर रंगाचं तेज ठरतं. तेव्हा मी मातीला आधी हात लावलाच नाही. पाण्यातला निळा उतरवला, जवळजवळ हिरवट करडा होईपर्यंत. आभाळाचा जांभळा अर्ध्यावर आणला. संध्यामठाचा दगड निव्वळ दगडी केला. माती आपसूक पेटली. मग तिचा उजेड तसूभरही न वाढवता रंग तेवढा किंचित गहिरा केला, आणि तीच तांबूस झाक वस्तादांच्या पोटऱ्यांवर, दंडाच्या खालच्या बाजूवर, हनुवटीखाली अगदी हलक्या हाताने दिली. जमीन रंगीत असेल तर तिचा रंग वर अंगावर परततोच. यात्रेत गुलालावर उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याची खालची बाजू बघा, कपड्याला गुलाल लागलेला नसला तरी ती गुलाबी असते. कापून आणलेला माणूस नव्या जागेचा रहिवासी होतो तो या परतलेल्या रंगामुळे.

रंग आणि वास्तव यांचा तोल म्हणतात तो मला या चित्रात सापडला. मी एका रंगाला गावभर फिरू दिलं आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी मागे सरायला सांगितलं. प्रत्येक रंग आपापल्या परीने सुंदर असतो, म्हणून प्रत्येकाला वर काढायचा मोह होतो. रंगाचा गहिरेपणा वाढवणारा सॅच्युरेशनचा स्लायडर सगळ्यांना एकदम वर नेतो आणि तिथेच चित्र पोकळ होतं.

दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर थांबलं की वर फ्लेक्स दिसतात. वाढदिवसाचे, मंडळांचे, तालमींच्या फुटबॉल संघांचे. त्यांच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. धावत्या गाडीवरून दोन सेकंदांत चेहरा आणि नाव पोचवायचं तर रंग ओरडावाच लागतो, आणि ते बनवणारी मुलं ते काम चोख करतात. मला फक्त एक हळहळ वाटते. त्या फलकांवरच्या वीस चेहऱ्यांवर वीस बाजूंनी उजेड असतो. सगळ्यांवर एकाच बाजूने उजेड घ्यायला उजेड-अंधार बदलणारा एक कर्व्ह आणि तो हवा तेवढ्याच जागी लावणारे दोन मास्क पुरतात. पेंटरांच्या गावात फलकावरचे चेहरे एकाच दिव्याखाली उभे असावेत एवढीच माझी इच्छा आहे. छपाईची एक अडचण मात्र खरी आहे: स्क्रीनवरचा विजेसारखा निळा आणि झगझगीत गुलाबी चार शाईंत बसतच नाहीत. स्क्रीनवर तो वाढवत नेला तरी छापताना ठरावीक रेषेपाशी सपाट होतो. म्हणून शेवटचा निर्णय नेहमी छोट्या प्रिंटवर घ्यावा.

रात्रीच्या चित्रांबद्दल थोडक्यात. पंचगंगा घाटावरच्या कार्तिकातल्या दीपोत्सवाची चित्रं करताना सगळे चांदणं गडद निळं करतात. चंद्राचा उजेड म्हणजे परतलेलं ऊनच, आणि तो उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतो. तरी निळी रात्र आपल्याला पटते, आणि मीही ती निळीच करतो. फक्त पणतीजवळच्या चेहऱ्यावर तो निळा येऊ देत नाही. ज्योतीचा उजेड १९०० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे पिवळा-तांबूस, त्याच्यापुढे चांदण्याची काय टाप? तळहातावर पणती आणि गालावर निळा, असं दिसलं की मला त्या ज्योतीबद्दल वाईट वाटतं.

एवढी मोकळीक घेणारा मी दोन ठिकाणी कात्री हातात धरत नाही. एक, अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पायांवरून चढत चेहऱ्यापर्यंत जातात. दर वर्षी गाव विचारतं, आज किरणं कुठवर पोचली? ढग आडवे आले, हवेत धूळ होती, वाटेत बांधकामाचा अडथळा आला, तर ती मध्येच थांबतात. त्या दिवसाचा फोटो म्हणजे साक्ष आहे. त्यात किरण बोटभर वर सरकवणं मला माझ्या कलेत बसत नाही. दुसरी जागा पुराची. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत मोबाइलवर आलेला फोटो बघून लोक घर सोडायचं की नाही ते ठरवत होते. कुठलं पाणी कुठल्या चौकात आहे यावर माणसांचे जीव टांगलेले असताना जोडचित्राला तिथे जागा नाही, अगदी कलेच्या नावाखालीही नाही. बाकीच्या चित्रांखाली मी काय कुठून आणलं ते लिहितो. वस्तादांच्या चित्राखाली लिहिलंय: माणूस आणि माती तालमीतली, पाणी रंकाळ्याचं, दिवस वेगळे.

नवी प्रिंट घेऊन गेलो तेव्हा तालमीत पोरांचा जोर चालला होता. वस्तादांनी घाम पुसला, चित्र हातात घेतलं, मातीवर बोट ठेवलं आणि “आता हाय,” एवढंच म्हणाले. मग ते कुठे लावायचं यावर चर्चा सुरू झाली. पोरांचं मत पडलं, दारासमोरच्या भिंतीवर, ट्यूबखाली, म्हणजे येणाऱ्याला दिसेल. मी नको म्हटलं. साध्या एलईडी ट्यूबच्या उजेडात गडद लाल भाग फार थोडा असतो. तिच्याखाली ती माती पुन्हा मेली असती. शिवाय उजेड वरून पडला असता आणि चित्रातला डावीकडून.

फ्लॉरेन्सच्या ब्रँकाची चॅपेलमध्ये मासाच्चोने १४२०च्या दशकात भित्तिचित्रं काढली तेव्हा चित्रातला उजेड त्याने चॅपेलच्या खऱ्या खिडकीच्या बाजूनेच आणला, हे मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि ज्या भिंतीवर त्या खिडकीचा उजेड डावीकडून येतो तिच्यावरच्या मुदगलांच्या खुंट्या दाखवून पोरांना म्हणाले, “त्या उतरवा, तितं लावूया. आणि काच नगो बसवू रं, चकाकती.”